पॉइंट कुणी फुकट दिले नव्हते

विमान कंपनीने आपल्या कार्डाची बँक बदलली आणि ग्राहकांनी तक्रार केली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मुळात फुकट मिळालेली गोष्ट, ती बंद झाली म्हणून एवढा आरडाओरडा कशासाठी?’ बँकेत नोकरी केलेले मित्र असं म्हणतात, पैशांच्या नियोजनावर सल्ला देणारे म्हणतात, घरातली काटकसरी माणसंही म्हणतात. ऐकणारा ओशाळतो आणि गप्प बसतो. आपण खरंच लोभी ठरलो की काय, असं त्याला वाटू लागतं. गेली काही वर्षं मीही असाच गप्प बसलो. आता बसणार नाही, कारण या वाक्यातला ‘फुकट’ हा शब्दच खोटा आहे आणि बाकीचा सगळा युक्तिवाद त्या एका शब्दावर उभा आहे.

आमच्या कॉलनीतल्या किराणा दुकानापासून सुरुवात करतो. गल्ल्याशेजारी यूपीआयचा क्यूआर कोड आहे आणि कार्डाचं मशीन आहे. मशीनवर पांढरी चिकटपट्टी लावून दुकानदाराने निळ्या बॉलपेनने लिहिलं आहे, ‘क्रेडिट कार्ड 500 च्या वर’. एकदा गर्दी नसताना मी कारण विचारलं, तर त्याने मोबाइलवर खात्याचा उतारा काढून दाखवला. 1,000 रुपयांचं बिल कार्डावर झालं की त्याच्या खात्यात 976 रुपये 40 पैसे जमा होतात. दोन टक्के बँकेचे आणि त्या दोन टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी. बचत खात्यातून यूपीआयने तेच बिल भरलं, तर पुरते 1,000 जमा होतात. ‘काका, हे मी कुठून काढणार? डाळीतूनच काढणार ना,’ तो म्हणाला. त्याचा हिशेब बरोबर होता. कापलेल्या पैशातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. त्यातून, आमच्या वार्षिक शुल्कातून आणि थकबाकीवरच्या व्याजातून ती बँक विमान कंपनीकडून पॉइंट विकत घेते. विकत घेते, हे शब्द नीट वाचा. म्हणजे माझ्या खात्यात पॉइंट येईपर्यंत त्याचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात: दुकानदाराने, त्याच्याकडे रोखीने डाळ घेणाऱ्या मोलकरणीने, थोडे मी. फुकट कुठे काय आहे?

विमान कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीला 2024 या एका वर्षात अमेरिकन एक्सप्रेसकडून सुमारे 7.4 अब्ज डॉलर मिळाले. अमेरिकन एअरलाइन्सला सप्टेंबर 2024 अखेरच्या बारा महिन्यांत कार्डाच्या आणि इतर भागीदारांकडून 5.6 अब्ज डॉलर मिळाले. करोनाच्या साथीत विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा या कंपन्यांनी कर्जासाठी काय तारण ठेवलं? पॉइंटांची योजना. युनायटेडने मायलेजप्लस तारण ठेवून 2020 मध्ये 6.8 अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने स्कायमाइल्सवर 9 अब्ज आणि 2021 मध्ये अमेरिकनने एअॅडव्हांटेजवर 10 अब्ज. ज्या योजनेवर अब्जावधींचं कर्ज मिळतं, ती सावकाराच्या दारात मालमत्ता असते. ग्राहकाच्या दारात आली की तिलाच खिरापत म्हणायचं?

हिशेबाचे नियमही खिरापत म्हणत नाहीत. भारतात 1 एप्रिल 2018 पासून ‘इंड एएस 115’ हे मानक लागू आहे. कंपनीने विक्रीबरोबर पॉइंट दिले, तर मिळालेल्या किमतीचा तेवढा भाग तिला लगेच उत्पन्नात दाखवता येत नाही. तो अजून न दिलेल्या सेवेपोटी देणं म्हणून बाजूला ठेवावा लागतो. ग्राहकाने पॉइंट वापरले किंवा ते बाद झाले, की मग तो उत्पन्नात येतो. कॅनडात जानेवारी 2019 मध्ये एअर कॅनडाने एअरोप्लॅन ही पॉइंटांची योजना 45 कोटी कॅनेडियन डॉलरला विकत घेतली, तेव्हा लोकांच्या खात्यांवर साचलेल्या मैलांचं सुमारे 1.9 अब्ज डॉलरचं देणंही तिने अंगावर घेतलं. खरेदीच्या किमतीच्या चौपटीहून मोठा बोजा! सनदी लेखापाल ज्याला देणं म्हणतो, त्याला ग्राहक सेवा केंद्रातला मुलगा ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणतो. दोघांपैकी लेखापालाचं म्हणणं मी खरं मानतो, कारण सही त्याची असते.

आता बँक बदलताना नेमकं काय होतं ते पाहू.

याच एअरोप्लॅनचं उदाहरण घ्या. तिचं कार्ड वर्षानुवर्षं सीआयबीसी या बँकेकडे होतं. 2013 च्या अखेरीस मुख्य भागीदारी टीडी बँकेकडे गेली आणि सुमारे साडेपाच लाख खाती एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलली. कोणाची हलली? मुख्यतः ज्यांचे सीआयबीसीशी इतर व्यवहार नव्हते, त्यांची. ज्यांचं बचत खातं, गृहकर्ज तिथे होतं, ती गिऱ्हाइकं सीआयबीसीने स्वतःकडे ठेवली. वाटणीची रेघ बँकांनी आखली, आपल्या सोयीने.

अमेरिकेत तर एकाच माणसाच्या हातात, एकाच अर्जावर, तीन कार्डं आली. कुणीतरी यूएस एअरवेजचं कार्ड बार्कलेजकडून घेतलं होतं. 2013 मध्ये ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि 2015 मध्ये कार्डावरचं नाव बदललं. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकनने जाहीर केलं की 2026 पासून दहा वर्षं सिटी ही एकमेव बँक असेल आणि बार्कलेजकडची खाती सिटीकडे जातील. त्या माणसाने सिटीकडे कधी अर्जच केला नव्हता. कदाचित सिटी नको म्हणूनच तो बार्कलेजकडे गेला असेल.

आपल्याकडचं ताजं उदाहरण विस्ताराचं. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिची कार्डं अॅक्सिस, एसबीआय कार्ड, आयडीएफसी फर्स्ट अशा बँकांकडे होती. इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे: क्लब विस्ताराचे साचलेले पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये एकास एक या दराने वळवले गेले. ते योग्य झालं. पण या कार्डांचं खरं आकर्षण पॉइंट नव्हतेच. वर्षभरात ठरावीक रकमेचा खर्च केला की विमानाचं तिकीट, असे टप्पे त्यात होते, आणि ते टप्पे मार्च-एप्रिल 2025 च्या सुमारास बंद झाले. बँकांनी पुढच्या नूतनीकरणाचं शुल्क माफ केलं. त्याच वेळी एअर इंडियाच्या एसबीआय सिग्नेचर कार्डावर कंपनीच्या तिकिटांसाठी 100 रुपयांमागे मिळणारे 30 पॉइंट 10 वर आणि प्लॅटिनमवरचे 15 पॉइंट 5 वर आले. 31 मार्च 2025 पासून एक तृतीयांश. शुल्कमाफी पुढच्या वर्षाची असते. ज्याने चालू वर्षात अर्धा टप्पा गाठला होता, त्या अर्ध्या टप्प्याचं काय, या प्रश्नाचं उत्तर शुल्कमाफीत नाही.

या टप्प्यांबद्दल मी घरच्या अनुभवावरून बोलतो. कोणती बँक, कोणती विमान कंपनी, हे इथे सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. आमच्याकडेही असंच एक कार्ड होतं. स्वयंपाकघरात दाराच्या मागे कॅलेंडर लटकतं. त्यावर बायको दूधवाल्याचे खाडे मांडते. त्या खाड्यांच्या शेजारी, त्या वर्षी, दर रविवारी ती कार्डाच्या खर्चाची बेरीज लिहायची. मुलगी दुसऱ्या शहरात शिकत होती, तिच्याकडे दिवाळीनंतर जायचं होतं. धाकट्या भावाने फ्रिज घेतला तो माझ्या कार्डावर आणि त्याने मला रोख पैसे दिले. सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी कार्डावर. विम्याचे हप्ते कार्डावर. प्रत्येक बिल वेळेत, पूर्ण भरलं. टप्प्याला 18 हजार रुपये कमी होते, तेव्हा ई-मेल आला. भागीदारी संपत आहे, अमुक तारखेनंतर टप्प्याचे लाभ मिळणार नाहीत, आपल्याला आमचं दुसरं कार्ड पाठवण्यात येईल, आपल्या विश्वासाबद्दल आभार. बायकोने कॅलेंडरवरच्या बेरजेखाली रेघ मारली आणि काही बोलली नाही. आम्ही बसने गेलो.

यात आमचं किती नुकसान झालं? एका तिकिटाचं. कुणाचा संसार उघड्यावर पडला नाही, हे मला कळतं. पण व्यवहार कसा झाला ते बघा. आमचा वाटा आम्ही आधी दिला: शुल्क भरलं, महिनोन्महिने सगळा खर्च त्यांच्या कार्डावर वळवला, प्रत्येक खर्चावरचं कमिशन त्यांना मिळवून दिलं. त्यांचा वाटा शेवटी द्यायचा होता. शेवट येण्याआधी त्यांनी खेळच आवरता घेतला आणि आधी मिळालेलं कमिशन ठेवून घेतलं. दोन शेजाऱ्यांमध्ये असा व्यवहार झाला, तर आपण त्याला काय म्हणतो? गवंड्याने भिंत तीन चतुर्थांश बांधली आणि मालकाने सांगितलं की मजुरी छतापर्यंत पोहोचल्यावर ठरली होती, आता घर दुसऱ्याला विकलं, तर त्या मालकाचा बचाव कुणी ‘मजुरी म्हणजे बक्षीस’ असं म्हणून करेल का?

यावर पुढचं उत्तर तयार असतं: अटी तुम्हीच मान्य केल्या होत्या. ‘पूर्वसूचना देऊन लाभ बदलण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार बँकेला राहील’, या ओळीखाली तुमचीच सही आहे. हो, आहे. पण सही केली की सगळं संपलं, असं या देशाचा कायदा आता मानत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधल्या कलम 2(46) मध्ये ‘अन्यायकारक करार’ म्हणजे काय ते लिहिलं आहे. वाजवी कारणाशिवाय एका बाजूला एकतर्फी करार संपवू देणारी अट त्यात येते. आणि त्याच कलमात आणखी एक वर्णन आहे, ते वाचून मी थक्क झालो: ग्राहकाच्या संमतीशिवाय, त्याचं नुकसान होईल अशा रीतीने, करार दुसऱ्याच्या हवाली करू देणारी अट. कार्डाची खाती एका बँकेतून दुसऱ्या बँकेकडे पाठवण्याच्या व्यवहाराचं याहून नेमकं वर्णन मला करता आलं नसतं.

गोम पुढे आहे. अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होत नाही, ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. आठ हजारांच्या तिकिटासाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाणार? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं, तर तो बँकेची सेवा तपासतो, विमान कंपनी त्याच्या कक्षेत येत नाही. आमच्या वेळी बँक म्हणाली, तिकीट विमान कंपनी देत होती, त्यांना विचारा. विमान कंपनी म्हणाली, टप्प्याची योजना बँकेची होती, त्यांना विचारा. मी दोन्हीकडे तीन-तीन पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं सभ्य होती आणि दोघांनी हात वर केले. कार्डावर दोघांची नावं शेजारी-शेजारी छापलेली असतात, विकताना दोघांचे लोक विमानतळावर एकाच टेबलापाशी उभे असतात. देण्याची वेळ आली की मात्र दोन वेगळ्या कंपन्या होतात.

स्पर्धेचा युक्तिवाद मला जास्त गंभीर वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. म्हणणं असं: विमान कंपनीला बँक बदलता आली पाहिजे, तरच बँका चांगले देकार देतील आणि शेवटी फायदा ग्राहकाचा. विमान कंपनीने बँक बदलू नये, असं मी म्हणतच नाही. बदलावी, खुशाल बदलावी. प्रश्न असा आहे की या स्पर्धेत बोली कशाची लागते. नवी बँक विमान कंपनीला जास्त पैसे देते ते कशासाठी? आमच्यासाठी. आमची नावं, आमची वेळेवर बिलं भरण्याची सवय, दरवर्षीचा आमचा खर्च, यांची ती किंमत आहे. भाजी मंडईत दोन व्यापाऱ्यांनी चढाओढीने बोली लावली, तर किंमत वाढते शेतकऱ्यासाठी, फ्लॉवरच्या गड्ड्याला त्यातून काही मिळत नाही. या लिलावात आमची जागा त्या गड्ड्याची आहे. आणि विमान कंपनीला चढ्या भावाने पैसे देणारी बँक ते पैसे कुठून तरी वसूल करणार. ते शुल्कातून करेल, पॉइंटांचा दर पाडून करेल, नाहीतर पुन्हा किराणा दुकानदाराच्या खात्यातून करेल.

ग्राहकाच्या फायद्याची स्पर्धा कशी असते, हे आपण पाहिलं आहे. जानेवारी 2011 मध्ये देशभर मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय आली. नंबर आपला राहिला आणि कंपनी निवडण्याचा हक्क आपल्या हाती आला. कुठे जायचं ते आपण एसएमएस करून ठरवलं. कार्डाच्या बाबतीत नेमकं उलट आहे: कंपन्या आपापसात ठरवतात आणि एसएमएस आपल्याला येतो.

ग्राहकाचे पॉइंट जपणं जमत नाही, असंही कुणी म्हणू नये. जेट एअरवेजचं उदाहरण समोर आहे. 17 एप्रिल 2019 च्या रात्री तिचं शेवटचं विमान उडालं आणि कंपनी बसली. मुंबईत हजारो कर्मचाऱ्यांचे पगार बुडाले, ते दुःख मोठं आहे आणि पॉइंटांशी त्याची तुलना मी करणार नाही. पण तिची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळ्या कंपनीत होती, त्या कंपनीत एतिहादचा 50.1 टक्के हिस्सा होता. म्हणून विमानं गेली तरी पॉइंट खात्यांवर राहिले. नोव्हेंबर 2019 मध्ये योजनेचं नाव इंटरमाइल्स झालं आणि लोकांना ते दुसऱ्या कंपन्यांच्या तिकिटांवर, हॉटेलांवर वापरता आले. विमान कंपनी बुडूनही पॉइंट टिकू शकतात, तर धडधाकट विमान कंपनीने नुसती बँक बदलली म्हणून अर्धवट टप्पे का बुडावेत?

एक आक्षेप उरतो आणि तो माझ्या जवळच्या, चळवळीत काम करणाऱ्या मैत्रिणीचा आहे. ती म्हणते, हे सगळं खात्यापित्या लोकांचं दुखणं. जे बिल पुरतं भरू शकत नाहीत ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज देतात, आणि त्यांच्या व्याजावर तुम्ही विमानाने फिरता. तिच्या बोलण्यातलं सत्य मी नाकारत नाही. वर मोलकरणीच्या डाळीचा उल्लेख मी उगाच केला नाही. पण याच कारणासाठी हा विषय नियमनाचा आहे. चाळीस टक्क्यांच्या व्याजात सापडणारा तरुण कधीकधी त्या टप्प्याच्या मागे लागूनच तिथे पोहोचतो. पहिलं कार्ड, पहिली नोकरी, अमुक लाख खर्च करा आणि आईवडिलांना विमानात बसवा. तो खर्च वाढवतो, एक महिना बिल पूर्ण भरता येत नाही, आणि वर्षाच्या शेवटी टप्पाच काढून घेतला जातो. व्याज मात्र राहतं. तिकीट बुडालं म्हणून व्याजातला एक रुपयाही कुणी परत करत नाही. टप्पा दाखवणाऱ्याला तो पाळण्याची सक्ती नसेल, तर सगळ्यात जास्त फटका याच मुलाला बसतो.

रिझर्व्ह बँकेला असे नियम लिहिता येत नाहीत, असं नाही. 21 एप्रिल 2022 च्या तिच्या कार्डविषयक निर्देशांत ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं नाही, तर दिवसाला 500 रुपये दंड ग्राहकाला द्यावा, असं लिहिलं आहे. न मागितलेलं कार्ड गळ्यात मारलं आणि त्याचं शुल्क लावलं, तर शुल्क परत आणि वर त्याच्या दुप्पट दंड. को-ब्रँडेड कार्डात विमान कंपनीला ग्राहकाच्या व्यवहारांची माहिती पाहता येणार नाही, असंही तिथे आहे. एवढी बारीक नजर असलेल्या निर्देशांत भागीदारी मोडल्यावर ग्राहकाचं काय, याचंही एक कलम बसायला हवं. करार संपण्याच्या दिवशी ज्याचं टप्प्याचं वर्ष चालू आहे, त्याचं ते वर्ष जुन्या अटींवर पूर्ण होऊ द्यावं. त्याची किंमत बँकेने आणि विमान कंपनीने आपापसात वाटून घ्यावी, ग्राहकाला कोणा एकाचं दार ठोठावलं तरी उत्तर मिळावं. बदली कार्ड ‘हो’ म्हटल्याशिवाय पाठवू नये, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला उरलेल्या महिन्यांचं शुल्क परत मिळावं. खातं दुसऱ्या बँकेकडे जाणार असेल, तर ग्राहकाची लेखी संमती आधी, हस्तांतर नंतर.

मी हे चार मुद्दे एका पानावर लिहून रिझर्व्ह बँकेकडे पाठवले आहेत. सोबत त्या वर्षाच्या कॅलेंडरच्या पानाचा फोटो जोडला आहे, दुधाच्या खाड्यांसकट.